थंडी सरताना माळावर आणि धरणावर काय बघाल?



या महिन्याच्या अभ्यासपाठात बचत नाही, कर्ज नाही, व्याजाचा हिशेबही नाही. या वेळी आपण लोणंदच्या आसपासचा माळ, नीरेचा कालवा आणि वीर धरण बघायला शिकणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? रोज त्याच वाटेनं तर जातो. खरं आहे. पण डोक्यावर भारा असला आणि मनात कांदा काढणीची मजुरी घोळत असली, की नजर पायाखालीच राहते. म्हणून पाठ वाचून झाला की एक दिवस भारा उचलायच्या आधी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. गृहपाठ एवढाच.

दिवस कोणते निवडायचे? माघ पौर्णिमा ते गुढीपाडवा, साधारण दीड महिना. होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो. या दीड महिन्यात थंडीला आलेले पाहुणे पक्षी परत निघालेले असतात आणि इथले कायमचे रहिवासी घर बांधायला काढतात. जाणारे आणि बांधणारे दोघंही एकाच वेळी दिसतात, ते याच दिवसांत.

सुरुवात धरणापासून करू. माघ पौर्णिमेला वीरच्या म्हस्कोबाची यात्रा सुरू होते आणि ती दहा दिवस चालते. आपल्यातल्या कितीतरी जणी दर्शनाला जातात. दर्शन झालं, की तासभर काढून धरणाच्या काठाला जा. पाणी शेतीला सोडल्यामुळं या दिवसांत धरण मागं हटलेलं असतं, काठाला ओला गाळ आणि कोवळं गवत उघडं पडतं. तिथं राखाडी-पांढरे, बदकापेक्षा मोठे पक्षी थव्यानं चरताना दिसले, तर डोक्याकडं बघा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असले तर तो पट्टकादंब. हा हंसाच्या जातीचा पक्षी. तिबेट, मंगोलिया अशा थंड मुलखात त्याची वीण होते. तिकडं बर्फ पडला की तो हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. हिमालय ओलांडताना या पक्ष्याची ७००० मीटरच्या वरची उंची मोजली गेली आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या चौपटीहून जास्त उंच. तिथं हवा इतकी विरळ असते, की माणसाला दोन पावलं टाकली तरी धाप लागते. आणि हा पक्षी पंख मारत जातो! वजन किती, तर दोन-तीन किलो.

परतीचा हा प्रवास आता तोंडावर आलेला असतो. त्यासाठी त्याला अंगावर चरबी साठवावी लागते, म्हणून तो दिवसरात्र चरतो. कधी हरभऱ्यात, गव्हातही उतरतो आणि नुकसान करतो, हे खोटं नाही. राखणीला हाकललं तर हरकत नाही. फासे लावणं मात्र गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. बघायला जाताना एक खूण लक्षात ठेवा. चरणाऱ्या थव्यानं एकदम माना वर केल्या, की समजा आपण फार जवळ आलो. तिथंच थांबा, नाहीतर खाली बसा. पोरांना दगड मारू देऊ नका. उगीच उडवलेल्या प्रत्येक वेळी त्याची शिदोरी कमी होते.

पट्टकादंबांच्या जवळपास नारिंगी-विटकरी रंगाची बदकाएवढी जोडी दिसली तर ते चक्रवाक. जुन्या गोष्टींत हे नवरा-बायको रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारतात. ताटातूट काही होत नाही, पण हाका मारतात हे खरं. यात्रेला मुक्काम असेल तर रात्री कान द्या.

धरणावर जाणं प्रत्येकीला जमणार नाही. मग रोजच्या वाटेवर बघा. कालव्याच्या कडेला शेपटी खालीवर हलवत चालणारा काळा-पांढरा धोबी दिसतो. तो दसऱ्याच्या सुमाराला आलेला असतो, आता कधी दिसेनासा होईल याचा नेम नाही. शेवटचा कधी दिसला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्यांना तर तुम्ही गोफण घेऊन शिव्या घातल्या असतील. ज्वारी निघाली की याच भोरड्या पळसाच्या, पांगाऱ्याच्या, काटेसावरीच्या लाल फुलांवर मध प्यायला गर्दी करतात. कणीस समोर नसताना एकदा निवांत बघा, गुलाबी अंग आणि काळं डोकं काय शोभतं! उन्हाळ्यात मध्य आशियात त्यांची वीण होते, तिथं त्या टोळ खातात. आपल्याकडं त्यांचं नाव वाईट आणि तिथल्या शेतकऱ्याला त्या हव्याशा.

झाडंही बघा. आषाढात माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडं जाते, तेव्हा चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. त्या वेळी लिंब हिरवागार असतो. त्याच जातीचा लिंब माघ-फाल्गुनात पानं गाळून अर्धा उघडा होतो, मग तांबूस कोवळी पालवी येते आणि पाडव्याच्या आसपास फुलोरा. पाडव्याला आपण ज्याचा पाला खातो, त्या झाडाचा हा सगळा बदल दीड महिन्यात अंगणातच होतो. भांडी घासताना बघितला तरी चालतो.

अंगणात अजून एक जण आहे. जास्वंदीवर किंवा डाळिंबाच्या फुलावर लोंबकळणारा इवलासा शिंजीर. थंडीच्या सुरुवातीला नर मळकट दिसतो, गळ्याखालून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी असते. आता तो झळाळता जांभळा-काळा होतो. मादी कोळ्याची जाळी, वाळका पाला, कागदाचे कपटे जमवून पिशवीसारखं घरटं लोंबकळत बांधते, कधी कधी पडवीतल्या वायरीला किंवा वाळत घालायच्या दोरीलाही. कचरा लोंबतोय म्हणून झाडू मारायच्या आधी त्याला बाजूनं छोटं दार आहे का, ते बघा.

आता माळाकडं येऊ. या पाठातलं मुख्य काम तिथंच आहे.

माळ म्हणजे पडीक, कामाचा नाही, असं आपण धरून चालतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथं वन विभागानं असाच माळ दाखवायला सफारी सुरू केली आहे. शहरातली माणसं पैसे भरून येतात. कशाला? लांडगा, खोकड, चिंकारा बघायला. बारामती तालुक्यात सुप्याला चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटर गवताळ माळ. आपल्या माळावर चिंकारा दिसेल न दिसेल, डोंबारी मात्र नक्की दिसेल. चिमणीएवढा पक्षी, नराचं पोट काळं. तो सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार तेवढ्यात परत वर जातो. खेळ करणाऱ्या डोंबाऱ्यावरूनच त्याला हे नाव पडलं. तो हे सगळं मादीला दाखवायला करतो. त्याचं घरटं असतं जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या बुडख्याच्या आडोशाला. चंडोल, तित्तर आणि टिटवी यांचीही अंडी जमिनीवरच.

आणि याच दिवसांत माळ पेटतो.

कुणी विडी टाकतं, कुणी बांध पेटवतं, कुणाच्या उसाचं पाचट पेटवताना आग हाताबाहेर जाते. काही जण मुद्दाम लावतात, जाळलं की गवत जोमानं येतं म्हणून. हे नीट तपासू या. माळावर पवन्या, मारवेल अशी जनावर आवडीनं खातं ती गवतं असतात आणि साडीला चिकटणारं कुसळही असतं. कुसळाच्या बियाला पीळ असलेली लांब शेपटी असते. दवानं ती फिरते आणि बी स्क्रूसारखं मातीत घुसतं. आग वरून जाते, आतलं बी वाचतं. वर पडलेलं चांगल्या गवताचं बी जळून जातं. म्हणजे वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर हिरवळ येते, पण त्यात कुसळ वाढत जातं. शिवाय फाल्गुनात जाळलं तर मृगापर्यंत तीन महिने जमीन उघडी राहते आणि पहिल्या वळवात राखेबरोबर वरची मातीही ओढ्याला जाते. आपल्या गटांतून शेळ्यांसाठी किती कर्ज उचललंय ते वहीत बघा. हप्ता शेळीवर अवलंबून आणि शेळी माळावर. मला विचाराल तर हा विषय पक्ष्यांइतकाच परतफेडीचा आहे.

बांध पेटवायचा की नाही, हे पुष्कळदा घरातच ठरतं, आणि त्या बोलण्यात आपण असतो. वाळकं गवत कापून आणता येतं. पाचट सरीत कुजवलं तर ओलावा टिकतो. फक्त कडब्याची किंवा गवताची पेंढी उचलताना आधी काठीनं हलवा, ऊन वाढलं की साप बाहेर पडायला लागतात. वनाच्या हद्दीत आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तो मोबाइलमध्ये ठेवा.

टिटवीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिची बदनामी फार झाली आहे. रात्री ओरडली की कुणीतरी जाणार, असं म्हणून तिला दगड मारतात. पिंगळ्याचंही तेच, आणि तो बिचारा रात्रभर उंदीर धरतो. टिटवी ओरडते कारण कुत्रं, मुंगूस, माणूस तिच्या अंड्यांकडं येत असतं. तिची राखण आहे ती. मार्चपासून ती अंडी घालायला लागते. घरटं कसलं, नुसता उथळ खळगा, कडेनं चार खडे, कधी शेळीच्या लेंड्या. अंडी बहुधा चार, मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. ऊन तापलं की ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, ओढ्यात घातली तर कमी, असं जुनी माणसं सांगतात. त्या भरवशावर बियाणं घेऊ नका, पण त्या निमित्तानं त्यांनी अंडी कुठं आहेत ते नेमकं बघून ठेवलं होतं, ते चांगलंच.

पुढच्या बैठकीला हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीनं सांगायचं: धोबी शेवटचा कधी दिसला, पळस कुठं फुललाय, माळ कुठं जळलाय, टिटवी कुठं बसलीय. जिला लिहिता येतं तिनं गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहायचं. पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. सहलीचा विषय निघाला तर खटाव तालुक्यातल्या मायणी आणि येरळवाडी तलावांचंही नाव घ्या, तिथं थंडीत रोहित पक्षी येतात. पण जायचं तर फार उशीर करू नका.

टिटवीचा खळगा सापडला तर हात लावू नका, भोवती दगड मांडून खूणही करू नका, कावळा ती लगेच ओळखतो. नांगरट किंवा कुळवणी असेल तर तेवढा हातभर तुकडा सोडायला सांगा. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. त्यानंतर गेलात आणि खळगा रिकामा दिसला तर लगेच वाईट समजू नका. तिची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी बाहेर आल्या आल्या चालायला लागतात. आसपास पाच मिनिटं शांत बसा. आई ओरडायची थांबली की ढेकळांमधून एखादं ढेकूळ हलेल.