शहर बदलताना

(आपले शहर सोडून दुसऱ्या मोठ्या शहरात राहायला जावे की नाही, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे येतो. पगार, भाडे आणि प्रवास यांचा हिशेब सहज मांडता येतो. पण तेवढ्यावर निर्णय घेता येतो का? एका मुलाने सांगितलेली आपल्या घरची हकीकत वाचा आणि विचार करा.)

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही मुंबईहून शिरवळला निघालो. एस.टी. द्रुतगती मार्गाने पुण्याला आली. स्वारगेटला आम्ही गाडी बदलली. पुण्यापासून शिरवळ सुमारे ५० किलोमीटर आहे. नीरा नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. पुलावर आल्यावर अब्बा दर वेळी म्हणतात, "आले आपले गाव!" या वेळी मात्र ते गप्प होते.

त्याला कारण होते. अब्बांच्या कंपनीने त्यांना विचारले होते, "पुण्याच्या कार्यालयात जाल का?" पगार वाढणार होता. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचे होते.

रात्री जेवणे झाल्यावर अब्बांनी खिशातून एक कागद काढला आणि दादाजानपुढे ठेवला. कागदाच्या मधोमध रेघ होती. एका बाजूला फायदे लिहिले होते : पगार जास्त, घरभाडे कमी, लोकलच्या गर्दीतून सुटका, शिरवळ जवळ. दुसऱ्या बाजूला तोटे होते : सामान हलवण्याचा खर्च, नव्या घराची अनामत रक्कम, शाळेची फी.

दादाजानांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग ते म्हणाले, "हिशेब चांगला आहे. पण बेटा, यात बहूची शिलाई कुठे आहे?"

अब्बा काहीच बोलले नाहीत. अम्मी मदनपुऱ्यात घरीच कपडे शिवते. बारा वर्षांत तिने एकेक गिऱ्हाईक जोडले आहे. ईदच्या आधी तर तिचे मशीन मध्यरात्रीपर्यंत चालू असते. आपाची फी त्याच पैशांतून भरली जाते. पण अब्बांच्या कागदावर त्याबद्दल एक ओळही नव्हती.

दादाजान म्हणाले, "मी वीस वर्षांचा असताना मुंबईला गेलो. गिरणीत कामाला लागलो. एका खोलीत आम्ही पंधरा-वीस जण राहत होतो. दिवसपाळीवाले कामाला गेले की रात्रपाळीवाले त्याच जागी झोपत. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिन्यांमागून महिने गेले. माझी गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. मी ट्रंक उचलली आणि शिरवळला परत आलो. जावे की राहावे, हे मला कोणी विचारले नाही. तुला विचारले आहे. मग तूही घरातल्यांना विचार."

आपा इतिहासाची विद्यार्थिनी. ती म्हणाली, "दादाजान, सुलतान मुहम्मद तुघलकानेही कोणाला विचारले नव्हते ना?"

"सांग बरे ती गोष्ट," दादाजान म्हणाले.

आपा सांगू लागली, "१३२७ साली सुलतानाने दिल्लीहून देवगिरीला राजधानी नेण्याचे ठरवले. देवगिरीचे नाव दौलताबाद झाले. तिथून दख्खनचा कारभार नीट पाहता येईल, असा त्याचा विचार होता. तो विचार चुकीचा नव्हता. पण वाट हजार किलोमीटरांहून लांब होती. सगळी दिल्ली हलवली की फक्त अमीर, विद्वान आणि सूफी यांना नेले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र लोकांचे फार हाल झाले, हे नक्की. काही वर्षांनी सुलतानाने त्यांना परत जाण्याची मुभा दिली."

"सगळे परत गेले का?" मी विचारले.

"नाही. शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब इथेच राहिले. शायर अमीर हसन सिज्झीही इथेच राहिले. दोघांच्या कबरी दौलताबादजवळ खुलताबादला आहेत. उत्तरेकडून आलेल्या लोकांची बोली इथल्या भाषांत मिसळली. त्यातूनच पुढे दख्खनी उर्दू फुलली."

दादाजान हसले. "म्हणजे जागा बदलल्याने नुकसानच होते असे नाही. पण ज्याला जायचे आहे, त्याचे मन आधी ऐकावे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे नीरेच्या काठी गेलो. तिथे सुभानमंगळ किल्ल्याच्या थोड्याच खुणा उरल्या आहेत. अब्बांनी तोच कागद काढला आणि तो कोरा असलेल्या बाजूने अम्मीपुढे धरला. ते म्हणाले, "आता तुम्ही सांगा. मी लिहितो."

अम्मी म्हणाली, "मला पुण्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मी करीन. पण मशीन ठेवायला उजेडाची जागा हवी. आणि वस्ती मी स्वतः पाहिल्याशिवाय घर ठरवायचे नाही."

आपा म्हणाली, "माझी मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे. आता शाळा बदलता येणार नाही."

माझी पाळी आली. मी विचारले, "तिथे उर्दू शाळा आहे का?"

"आहे की!" अब्बा म्हणाले. "पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. आणि तुझी पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या बालभारतीचे कार्यालयही पुण्यातच आहे. पुस्तके तीच राहतील."

"आणि मित्र?" मी विचारले.

अब्बांनी लिहिणे थांबवले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी ते लिहून ठेवतो."

त्यांनी खरेच लिहिले, "मित्र." त्यापुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मुंबईला परतल्यावर अब्बांनी कंपनीला कळवले, "येतो, पण आधी एकटा. कुटुंब परीक्षेनंतर येईल." कंपनीने ते मान्य केले. जानेवारीत अम्मी दोन दिवस पुण्याला गेली. तिने चार घरे पाहिली. तीन नापसंत केली. चौथ्या घराला मोठी खिडकी होती.

एप्रिलमध्ये आमचे सामान ट्रकमध्ये चढले. सगळ्यांत शेवटी अम्मीचे मशीन चढले. तो कागद अजून अब्बांच्या पेटीत आहे. "मित्र" या शब्दापुढची जागा आता रिकामी नाही. तिथे मी दोन नावे लिहिली आहेत : एक मुंबईचे आणि एक पुण्याचे.

शब्दार्थ
अनामत रक्कम – घर भाड्याने घेताना आधी ठेवायचे पैसे
गिऱ्हाईक – ग्राहक
दिवसपाळी – दिवसा काम करण्याची वेळ
मुभा – परवानगी
मतभेद – वेगवेगळी मते असणे
वस्ती – लोक राहतात तो भाग

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांच्या कागदावर कोणती गोष्ट लिहायची राहिली होती?
(आ) दादाजान शिरवळला परत का आले?
(इ) देवगिरीला कोणते नवे नाव मिळाले?

२. कारणे लिहा.
(अ) नीरेच्या पुलावर अब्बा गप्प होते.
(आ) आपाला लगेच शाळा बदलता येणार नव्हती.

३. "ज्याला जायचे आहे, त्याचे मन आधी ऐकावे." या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

४. वाक्यात उपयोग करा : पाळी येणे, मान्य करणे, हाल होणे.

५. उपक्रम : तुमच्या घरातील कोणी दुसऱ्या गावाहून किंवा शहरातून आले आहे का? त्यांनी काय सोडले आणि त्यांना काय मिळाले, ते विचारा व मराठीत दहा ओळी लिहा.