खो-खोचा हंगाम आणि मुलींचे रक्त

अल ऐन येथे २०२५ साली झालेल्या आशिया चषक स्पर्धेत भारतीय महिलांच्या आइस हॉकी संघाने कांस्यपदक मिळविले. संघातील बहुतेक मुली लडाखच्या. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत शरीर आपण होऊन तांबड्या पेशी जास्त तयार करते. आमच्या नाशिकच्या मुलींना निसर्गाची ही देणगी नाही. उलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. आणि याच मुलींकडून आपण मैदानावर वाऱ्यासारखे धावण्याची अपेक्षा करतो.

आमच्याकडे बर्फ नाही, पण खो-खो आहे. पेठ, सुरगाण्याकडून शिकायला आलेल्या मुली या खेळात फार तरबेज असतात. महाविद्यालयाचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे पश्चिम विभाग. चार-पाच महिने रोज पहाटे सराव, दिवसा तास, संध्याकाळी पुन्हा मैदान.

अशाच एका संघातील मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. ‘‘डॉक्टरकाका, पहिली दोन मिनिटे बरी पळते, मग पाय शिशासारखे होतात.’’ मी नाडी पाहिली, जागरण होते का विचारले आणि एक टॉनिक लिहून दिले. रक्त तपासले नाही. ही माझी चूक, आणि ती मी येथे मुद्दाम सांगतो, कारण अशी चूक करणारा मी एकटा डॉक्टर नव्हे. तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा डोळ्यांत पाणी होते. ‘अंगचोरपणा करते’ म्हणून तिला राखीव खेळाडूंत बसविले होते. या वेळी पापणी खाली ओढून पाहिली, तर आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे.

हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडी. गाड्याच कमी असतील तर हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून धडधड होते, धाप लागते. घरकाम करताना हे जाणवत नाही, पण साखळी पळताना चटकन उघडे पडते. त्यात लोह आधीच कमी जाते आणि खर्च मात्र जास्त. खेळाडू मुलीचे थोडे लोह घामावाटे जाते, कठीण जमिनीवर सतत पाय आपटल्याने काही तांबड्या पेशी फुटतात, आणि सर्वांत मोठी गळती पाळीची. या मुलीला आठ आठ दिवस रक्तस्राव होत होता. मी विचारले तेव्हा आई म्हणाली, ‘‘बाईमाणसाला तेवढं असतंच की, डॉक्टरसाहेब.’’ नाही, तेवढे नसते. सात दिवसांच्या वर पाळी राहिली, गाठी पडल्या किंवा तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागला, तर ते डॉक्टरांना सांगायचेच.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात विसरून चालत नाही. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाच्या गोळ्या देऊन मोकळे होऊ नये, सिकलसेलची तपासणीही करावी. सिकलसेलच्या वाहक मुलीने खेळू नये असे नाही, पण उन्हातल्या सरावात तिने पाणी पीत राहिले पाहिजे, आणि अंग फार दुखू लागले तर तिला त्याच क्षणी थांबू द्यावे. या मुलीचा तो अहवाल निर्दोष आला. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी मात्र अगदी तळाला.

बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा समज काही जाता जात नाही. आमच्या बागलाणचे डाळिंब जरूर खावे, पण त्यात लोह थोडेच. हळीव, बाजरी, मटकी, चवळी, पालेभाज्या यांत ते बऱ्यापैकी असते. त्यावर लिंबू पिळले तर अंगी जास्त लागते. मांसाहारी घरात काळीज मिळाले तर उत्तम. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तासभर तरी अंतर असावे. सरावानंतर मिसळ आणि लगेच कटिंग, ही आपली नाशिकची रीत लोहाच्या दृष्टीने वाईट! अर्थात ८.४ वरून नुसत्या जेवणाने वर येता येत नाही, तेथे गोळ्याच लागतात. शौचास काळे होईल, पोटात मळमळेल, म्हणून मुली त्या आठ दिवसांत सोडून देतात. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्याव्यात, पण सोडू नयेत. रक्त भरून आल्यावरही साठ्यासाठी तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. शाळांतून आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी आहे. इतका रक्तक्षय झाल्यावर ती पुरत नाही.

तिच्यानंतर सबंध संघाचे रक्त तपासले. तिच्यासारख्या आणखी काही निघाल्या. पण मला जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच एका मुलीची. तिचे हिमोग्लोबिन ठीक होते, पण चार महिने पाळी आली नव्हती. अंग हलके राहावे म्हणून ती रात्री जेवतच नव्हती. घरी भलतीच शंका येईल या भीतीने कोणाला बोलली नाही. नडगी दुखत होती. पुढे तेथे हाडाला बारीक चीर निघाली. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडले की शरीर आधी पाळी बंद करते, मग हाडे झिजवते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या विकाराला स्वतंत्र नाव दिले आहे. गरोदरपण व इतर कारणे वगळल्यावर पहिला उपाय भाकरीचाच. तिला मी दीड महिना मैदान बंद केले आणि रात्रीचे जेवण चालू केले. मैदान बंद केल्यावर रडली, जेवणावर भांडली.

प्रशिक्षकांना एक सांगणे. खांबाजवळ एकदम वळताना किंवा उडीनंतर जमिनीवर येताना मुलींचे गुडघे आत वळतात आणि आतला अस्थिबंध तुटतो. मुलांच्या मानाने मुलींत हे दुपटीहून अधिक घडते. सरावाआधी वीस मिनिटे तोल सांभाळण्याचे, उडीनंतर गुडघे वाकवून उतरण्याचे आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम घेतले तर बरेच टळते. गुडघ्यात ‘कट्’ आवाज होऊन सूज आली, तर हाडवैद्याकडे चोळायला नेऊ नये.

पहिल्या मुलीचे हिमोग्लोबिन दहा आठवड्यांनी ११.६ झाले. विभागाचे सामने तोवर संपले होते. पुढच्या हंगामात ती पळतीला पहिल्या तुकडीत होती. प्रशिक्षकांनी सरावाच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्या मुलींना रक्त तपासायला पाठविले. त्यात तिचा कागद सर्वांत वर ठेवलेला होता.