रेषांची साक्ष : अणूतील ऊर्जापातळ्या

काचेच्या नळीत अत्यंत विरळ हायड्रोजन वायू भरून तीतून उच्च दाबाची वीज सोडली, की नळी गुलाबी प्रकाशाने उजळते. हा प्रकाश लोलकातून पाहिल्यास इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता तांबडी, निळसर हिरवी व जांभळी अशा सुट्या रेषा उठून दिसतात. मधले रंग गेले कोठे?

याचा उलगडा डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोर यांनी 1913 मध्ये केला. अणुकेंद्राभोवतीच्या इलेक्ट्रॉनला वाटेल तितकी ऊर्जा धारण करता येत नाही. ठरावीक पातळ्यांवरच त्याला राहता येते. जिन्यावरील मनुष्य या पायरीवर किंवा त्या पायरीवर थांबतो, मध्ये अधांतरी नाही. तसेच हे होय. मात्र या जिन्याच्या पायऱ्या वर जावे तशा जवळ येत जातात. हायड्रोजनची दुसरी पातळी पहिलीहून 10.2 इलेक्ट्रॉन-व्होल्टने उंच असते, तर तिसरी दुसरीहून अवघ्या 1.89 ने. विजेच्या आघाताने वर चढलेला इलेक्ट्रॉन तिसरीवरून दुसरीवर उतरताना नेमकी एवढीच ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतो. तीच 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीची तांबडी रेषा. चौथीवरून दुसरीवर उतरताना निळसर हिरवी रेषा उमटते.

ज्या अणूंत इलेक्ट्रॉन अनेक असतात, तेथे ते सर्व तळच्या पातळीवर गर्दी करीत नाहीत. कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांची अवस्था सर्वस्वी एक असू शकत नाही, हा नियम वोल्फगांग पाउली यांनी 1925 मध्ये मांडला. त्यामुळे पहिल्या कवचात जास्तीत जास्त 2, दुसऱ्यात 8 व तिसऱ्यात 18 इलेक्ट्रॉन मावतात. निऑनचे 10 इलेक्ट्रॉन दोन्ही कवचे पूर्ण भरतात. म्हणून तो वायू उदासीन. सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन मात्र तिसऱ्या कवचात एकटा पडतो व सहज सुटतो; म्हणून ती धातू पाण्याशी उग्र क्रिया करते.

हायड्रोजनच्या नळीत ठळक रेषांखेरीज असंख्य फिकट रेषाही आढळतात. त्या सुट्या अणूच्या नसून दोन अणूंच्या रेणूच्या असतात. रेणू कंप पावतो, फिरतोही. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन-पातळीला उपपातळ्या फुटतात व रेषांचे दाट पट्टे बनतात. या ‘दुय्यम वर्णपटा’तील नव्या पट्ट्यांविषयी लखनौ विद्यापीठातील डी. बी. देवधर यांचा निबंध 1926 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

अणूचा जिना डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याच्या पायऱ्यांमधील प्रत्येक अंतर प्रकाशाच्या रेषेवरून मोजता येते.