शुक्रवारी रात्री ठरलं, शनिवारी निघालो

प्रश्न : शिंदे की छावनीत राहतो. दोघांच्याही सुट्ट्या ऐन वेळी ठरतात. आरक्षण नाही, खिशात दीड-दोन हजार. कुठे जावं?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : आरक्षणाचा विचारच सोडा. ग्वाल्हेर-झांशी अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. सकाळच्या गाडीचं जनरल तिकीट काढा, मात्र आदल्या रात्री नको. २०० किलोमीटरच्या आतलं हे तिकीट काढल्यावर तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने निघावं लागतं. मोबाइलवर 'झांशी' सापडलं नाही तर 'वीरांगना लक्ष्मीबाई' शोधा. स्टेशनाचं नाव बदललंय.

झांशीचा किल्ला मराठी माणसाने पाहायलाच हवा, पण मुक्काम ओरछ्यात करा. शेअर रिक्षाने जाता येतं, आणि मग दोन दिवस वाहन लागतच नाही : जहांगीर महाल, चतुर्भुज मंदिर, बेतवेकाठच्या छत्र्या, सगळं पायी. रामराजा मंदिर दुपारी बंद असतं, तेव्हा महाल बघा. खोली मात्र जाऊन, पाहून, घासाघीस करूनच घ्या. रामनवमी आणि विवाहपंचमीला हे जमणार नाही, गाव भरलेलं असतं.

एकच दिवस असेल तर वाटेतलं दतिया. वीरसिंह देवाचा सतराव्या शतकातला सात मजली महाल माझ्या मते ओरछ्याच्या महालांहून सरस आहे, आणि गर्दी जवळपास नाहीच. लोक पीतांबरा पीठाचं दर्शन घेऊन परततात. पराठे घरूनच न्या.

आग्रा? शुक्रवारी ताज बंद, शनिवार-रविवारी रांगा. एखादी मधली सुट्टी मिळाली तर जा.