पोच मिळाली म्हणजे गुन्हा नोंदला असं नाही

आमची ठाकरवाडी कर्जत-खालापूरच्या शिवेवर. खाणीच्या सुरुंगाने भिंतींना तडे गेले, दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसतो त्या जमिनीत दगड येऊन पडले, म्हणून ठाण्यात गेलो. एका ठाण्यात म्हणाले खाण पलीकडच्या हद्दीत, दुसऱ्यात म्हणाले वाडी अलीकडच्या. शेवटी एका साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. पुढे डंपर अडवले म्हणून खाणवाल्याने आमच्यावर फिर्याद दिली. तिला मात्र लगेच नंबर पडला. नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराला मी पोच दाखवली. "हा अर्ज आहे रे, चौकशीला ठेवलाय," म्हणाला आणि हसला. ते हसणं अजून डोक्यातून जात नाही. आमच्या म्हाताऱ्यांनाही अरे-तुरे. खाणीच्या मुकादमाला मात्र 'या, बसा'.

म्हणून सांगतो, नुसती पोच घेऊन घरी येऊ नका. एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचं कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. तरी ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग कोर्ट. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या तक्रारीत 'आधी प्राथमिक चौकशी करतो' म्हणाले तर २०१८ चं कलम १८-अ सांगा, तिची गरजच नाही. सहीआधी जबाब वाचून दाखवणं त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्यांचं कर्तव्य आहे. आमच्या आयांचा अंगठा घेताना कोण वाचून दाखवतो?

खाणीचं प्रकरण वेगळं. हरित लवाद पुण्यात. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जायचं, भरपाईसाठी पाच वर्षं. तड्यांचे फोटो तारखेसह ठेवा, सुरुंगाच्या वेळा वहीत लिहा. गट नंबर माथेरानच्या संवेदनशील क्षेत्रात आहे का ते आधी बघा. २००३ च्या अधिसूचनेनुसार तिथे नवी खाण देता येत नाही. पेसा कायद्यावर भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला लांबून नमस्कार करा, आपला रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून तो कायदा इथे लागू नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र आपला आहे. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कसत्या वनजमिनीवरून कुणाला हटवता येत नाही.

तालुका विधी सेवा समितीकडे आदिवासींना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एकजूट ठेवा, हे सगळेच सांगतात, ठेवा.

आमच्यावरची केस चालूच आहे. प्रत्येक तारखेला रोज बुडतो. फिर्यादी शेठ साक्षीला येत नाही, म्हणून पुढची तारीख पडते.