शिजलेली भाजी : वजनावरून आकारमान

प्रधानमंत्री पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी ७५ ग्रॅम. हे वजन कच्च्या भाजीचे होय. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीजवळची सरकारी शाळा असो वा कोल्हापूरची, पंक्तीत मात्र भाजी पळीने, म्हणजे आकारमानाने वाढली जाते.

पालकाचेच उदाहरण घ्यावे. २४० मिलिलिटरच्या वाटीत कच्चा पालक, न दाबता, जेमतेम ३० ग्रॅम मावतो. शिजवून निथळलेला सुमारे १८० ग्रॅम. उष्णतेने पेशींचा ताठरपणा जातो, पानांमधील हवा निघते व पाने एकमेकांवर बसतात. बटाट्याच्या फोडी आपला आकार बहुतांशी राखतात. म्हणून सर्व भाज्यांना एकच गुणक लावणे व्यर्थ होय. (पायलीने धान्य मोजणाऱ्यांची गोष्ट निराळी, कोरडे दाणे मापात जवळजवळ सारखेच बसतात.)

समजा, २०० मुलांसाठी १० किलो भाजी शिजवावयाची आहे. पातेले आधी रिकामे तोलावे, मग शिजलेल्या भाजीसह. फरक ८ किलो आला, तर प्रत्येकाचा वाटा ४० ग्रॅम. आता तीच भाजी १ लिटरच्या मापात भरून तोलावी. ती ८०० ग्रॅम भरली, तर ४० ग्रॅमला ५० मिलिलिटर जागा लागते. पळी तेवढीच आहे ना, हे पाण्याने ताडता येते : तीत ५० ग्रॅम पाणी मावले पाहिजे. पळी ६० मिलिलिटरची निघाली, तर १६६ मुलांना वाढून होताच पातेले रिकामे होईल आणि ३४ ताटे भाजीवाचून राहतील.