दोन वाटांची गाडी

डांबरी सडक जेथे संपते, तेथे माणसांची वस्ती संपत नाही. सह्याद्रीच्या कुशीत अशी कितीतरी गावे व वाड्या आहेत, की तेथे जाणारी वाट काही अंतर डांबराची, पुढे खडीची आणि अखेरीस निव्वळ लाल मातीची असते. सडकेसाठी बनविलेली मोटारसायकल या मातीत रुतते. केवळ शर्यतीसाठी बनविलेली मातीतली गाडी सडकेवर आणण्यास कायद्याची परवानगी नसते. या दोहोंच्या मधली, दोन्ही वाटांवर चालणारी गाडी मनुष्याने बऱ्याच उशिरा तयार केली.

पूर्वी अमेरिकेतील हौशी स्वार सडकेच्या अवजड गाड्यांचेच काही भाग उतरवून त्या वाळवंटात नेत असत. १९६८ साली जपानच्या यामाहा कंपनीने डीटी-१ ही अडीचशे घन सेंटिमीटर वर्गातील हलकी गाडी अमेरिकेत विक्रीस आणली. सडकेवर दिव्यांसह धावणारी आणि माळरानावरही न डगमगणारी ही गाडी सामान्य माणसाला परवडण्यासारखी होती. तिचे यश पाहून इतर कंपन्याही त्या वाटेला लागल्या. आपल्या देशात हिरो कंपनीने २०११ साली इम्पल्स आणि २०१९ साली एक्सपल्स २०० या नावाची अशी गाडी आणली. नोंदणी व विमा यांचा खर्च सोडल्यास एक्सपल्सच्या साध्या प्रकाराची दिल्लीतील किंमत त्या वर्षी एक लाख रुपयांच्या आत होती.

या गाडीचे रूप पाहिले, की तिचे काम लक्षात येते. पुढचे चाक एकवीस इंची असते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे कारण सांगावयास नको. मोठे चाक दगडावर सहज चढते, लहान चाक त्याला अडते. गाडीचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच असते. चाके ओतीव नसून तारेच्या स्पोकची असतात, कारण धक्का बसला असता स्पोक किंचित लवतात. आणि चाकांना खालीवर होण्यास इतर गाड्यांपेक्षा पुष्कळच अधिक वाव ठेवलेला असतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे जो प्रसंग यावयाचा आहे त्याचे मूळ तीत आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका हा कळसूबाईच्या पायथ्याचा मुलूख होय. तेथील पाऊस प्रसिद्ध, आणि तेथील डांगी जातीची जनावरेही प्रसिद्ध. या जनावरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे सतत कोसळणाऱ्या पावसातही ती भातखाचरांत उभी राहू शकतात. या भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून एक तरुण नव्यानेच रुजू झाला. त्याचा हुद्दा काहीही असो, वाडीवस्तीवरचे लोक त्याला डॉक्टरच म्हणत. आजारी जनावर दवाखान्यात चालत येऊ शकत नाही. डॉक्टरलाच त्याच्याकडे जावे लागते. म्हणून त्याने साठविलेल्या पैशांतून एक जुनी एक्सपल्स विकत घेतली.

प्रारंभीचे दिवस फजितीचे गेले. बैठक उंच असल्याने त्याच्या पायांची केवळ बोटेच जमिनीला टेकत. उतारावर थांबताना गाडी कलली, की तो तिच्यासह आडवा होई. दीडशे किलोंहून अधिक वजनाची गाडी कमरेत वाकून उचलू नये, तिच्याकडे पाठ करून, गुडघे दुमडून पायांच्या जोराने उचलावी, ही युक्ती तो चौथ्यांदा पडल्यावर शिकला. खडकाळ वाटेवर बसून न राहता पायऱ्यांवर उभे राहावे, म्हणजे गुडघेच स्प्रिंगचे काम करतात, हेही हळूहळू कळले. शिरस्त्राण मात्र त्याने पहिल्या दिवसापासून वापरले.

गाडी पुसून लख्ख ठेवणे म्हणजे तिची निगा राखणे, अशी त्याची समजूत होती. नवख्या मालकांची बहुधा हीच समजूत असते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकाकडे नेणारी चेन पावसाने गंजत होती. तिच्यात बारीक वाळू बसून एकेक कडी आखडत होती. तिकडे त्याने पाहिले नाही. एके दिवशी ती लोंबत असल्याचे त्याच्या नजरेस आले. सैल चेन वाईट, एवढे त्याने ऐकलेले होते. म्हणून त्याने पाना घेतला आणि ती तारेसारखी ताणून बसविली. काम चोख झाले, या समाधानात तो निजला.

जुलैतल्या एका संध्याकाळी दूरच्या वाडीवरून निरोप आला. एका डांगी गाईची वीत अडली होती. त्याने पिशवी घेतली व गाडी सुरू केली. घाटाची चढण संपवून गाडी मातीच्या वाटेला लागली. एका खड्ड्यात मागचे चाक आदळले आणि कड्कन आवाज झाला. इंजिन गरगरत राहिले. गाडी जागच्या जागी थांबली. चेन तुटून चिखलात पडली होती. जवळ ना जोडकडी होती, ना पाना. पुढची वाट त्याने अंधारात, पावसात, धावत व ठेचाळत काटली.

तो पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. गाय वाचली, वासरू वाचले नाही.

घरचा म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग कंदिलाच्या उजेडात त्याने विचारले, “डॉक्टर, गाडीला काय झालं?” त्याने खरे ते सांगितले. म्हातारा म्हणाला, “आमी बैल जुंपायच्या आधी त्याच्या खांद्यावरनं हात फिरवितो. वळ असला तर त्या दिशी जू ठेवत न्हाई.” त्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच ते त्याला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी राजूरच्या एका वृद्ध मिस्त्रीने नवी चेन बसविली. “मिस्त्रीकाका, मी तर ती परवाच घट्ट केली होती,” असे तो म्हणाला, तेव्हा मिस्त्री हसले. त्यांनी नवी चेन पुस्तिकेत सांगितल्याइतकी सैल ठेवली व त्याला गाडीवर बसविले. मागून आणखी दोन पोरांना गाडी दाबावयास सांगितले. पाहता पाहता लोंबणारी चेन ताणली गेली. चाक वर उचलले जाते तेव्हा पुढच्या व मागच्या दातेरी चक्रांमधील अंतर वाढते. ज्या गाडीच्या चाकाला खालीवर होण्यास अधिक वाव, तिच्या चेनलाही अधिक सैलपणा हवा. आधीच ताणलेल्या चेनला तो वाव उरत नाही; मग ती तरी तुटते, नाहीतर चक्रांचे बेअरिंग तरी खाते. सगळ्या कड्या सारख्या झिजत नाहीत, म्हणून चाक फिरवून चार-पाच ठिकाणी सैलपणा पाहावा, हेही मिस्त्रींनी सांगितले. साफ करताना रॉकेल व मऊ ब्रश वापरावा, तारेचा ब्रश कधीही नको; नंतर ती कोरडी करून गियरचे घट्ट तेल आतल्या बाजूने लावावे. आणि हे सारे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवून करावयाचे. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्यांची बोटे चक्रात सापडून तुटलेली मिस्त्रींनी पाहिली होती.

त्या दुपारी त्याने आणखी एक मौज पाहिली. मिस्त्रींनी लहान पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजविला. ताठ स्पोक टण् असा बोलतो, सैल झालेला बद्द आवाज करतो. बाजारात मडके घेणारी बाई हेच करते! हवेच्या गाळणीचे त्यांनी थोडक्यात सांगितले: स्पंजाची असेल तर धुऊन वापरता येते, कागदाची असेल तर बदलावी लागते, आणि धूळ गाळणीत अडली नाही तर ती इंजिनात जाऊन ते आतून घासून टाकते. इंजिनातले तेल गाडी सरळ उभी करून पाहावे. त्याला दुधाळ रंग आला असल्यास पाणी शिरले असे समजावे.

पाण्याविषयी मात्र मिस्त्री गंभीर झाले. इंजिन हवा आत ओढते, तिला दाबते व इंधनासह जाळते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ओढ्यात हवेच्या वाटेने पाणी आत ओढले गेले, तर वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडाही वाकतो. बुडालेले इंजिन पुन्हा सुरू करण्याची घाई केली, की गाडी संपली. प्लग काढून आधी ते पाणी बाहेर काढावे लागते.

तेव्हापासून रोज सकाळी निघण्यापूर्वी तो पाच मिनिटे गाडीभोवती फिरू लागला. तेल, टायरमधली हवा, ब्रेकचे पॅड, चेन. बैठकीखाली पाने, जोडकडी, ट्यूबचे ठिगळ व लहान पंप राहू लागला. क्लचच्या जुन्या तारेशेजारी त्याने एक नवी तार आधीच ओवून ठेवली. एक तुटली तर दुसरी जोडावयास फार वेळ लागत नाही. अशी गाडी चालविण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. ती पुसण्यास व न्याहाळण्यास मात्र परवाना लागत नाही, हे दवाखान्याच्या शेजारच्या मुलांनी चटकन ओळखले. स्पोक वाजवून पाहण्यासाठी त्यांच्यात पाळी लागू लागली.

पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीवरून, त्याच घरून पुन्हा निरोप आला. ओढ्यापर्यंत गाडी बिनतक्रार आली. ओढा फुगला होता. त्याने काठावरूनच काठी घालून पाहिली. पाणी इंजिनाच्याही वर होते. वर्षापूर्वी त्याने बहुधा गाडी आत घातली असती. आता त्याने ती अलीकडच्या उंचवट्यावर उभी केली, पिशवी खांद्याला लावली आणि वरच्या अंगाच्या साकवावरून पायीच पलीकडे गेला. मध्यरात्री गाईने धडधाकट कालवड दिली.

पहाटे पाऊस उघडला. म्हाताऱ्याचा नातू पिशवी घेऊन त्याला पोहोचवावयास ओढ्यापर्यंत आला. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने चेनला हळूच बोट लावले व ते उजेडात धरून पाहिले.

“डॉक्टर, ही तर आमच्या गाईच्या अंगावानी तेलकट हाय!”

त्याने हसून मुलाच्या हाती फडके दिले, आणि मागचे चाक हाताने सावकाश फिरवू लागला.